टेकला की नाही टेकला

रविवारी दुपारी एक वाजला की गस डॉम्बेक आपल्या गॅरेजचं दार आतून खाली ओढून घ्यायचा. मग चार वाजेपर्यंत बफेलोशेजारच्या लॅकावॅना गावात कुठे काय जळतंय, काय बुडतंय, याच्याशी आतल्या चौघांना काही देणंघेणं नसायचं. गाडी बाहेर बर्फ खात उभी असायची. गाडीच्या जागी केरोसीनची शेगडी, भिंतीवर भलामोठा टीव्ही आणि चार खुर्च्या. त्या चारही खुर्च्या कुणाकुणाच्या घरातून हाकललेल्या होत्या.

शेगडीजवळची खुर्ची लॉरेटाची, तिच्या गुडघ्यांमुळे. लॉरेटा ही गसची थोरली बहीण, वय चौसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी आणि शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर पंचगिरी, असा तिचा संसार बावीस वर्षं चालला होता. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, गळ्यात शिट्टी, कमरेला, चूक दिसली की जमिनीवर टाकायचं पिवळं फडकं. जिल्ह्यात तेव्हा ती एकटीच बाई पंच होती. पंचांना शिव्या घालायला जमलेल्या तिघांमध्ये एक निवृत्त पंच बसलेली असणं ही तशी मोठीच सोय. टीव्हीतला पंच ऐकत नाही, ही ऐकते.

त्या रविवारी डिसेंबरचा पहिला आठवडा होता आणि सरोवरावरून वारा असा येत होता की दाराखालच्या फटीतून बर्फाची पूड आत भुरभुरत होती. अमेरिकन फुटबॉलचा सामना, बफेलोचा मायामीशी. चौथा, म्हणजे शेवटचा भाग चालू होता, बफेलो एकवीस, मायामी वीस.

गसचा पाय सतत हलत होता. त्याने फोनवर ऐंशी डॉलर लावले होते, आणि तेही नुसतं बफेलो जिंकणार म्हणून नव्हे. सात किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकणार म्हणून.

"नुसतं जिंकणार म्हणून लावले असतेस तर?" मुसेदने विचारलं.

"तर मिळाले काय असते? चणे?"

मुसेदचं कोपऱ्यावर दुकान होतं. त्याचे वडील येमेनहून इथल्या पोलाद कारखान्यात आले, कारखाना बंद पडला, दुकान राहिलं. मुसेद पैज लावत नसे, त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं. पण घड्याळात किती वेळ उरलाय, कुणाकडे किती टाइम-आउट आहेत, आता चेंडू पळवायचा की फेकायचा, या हिशेबात त्याच्याइतका मुरलेला माणूस गावात नव्हता. दुकानातल्या पावाच्या कागदी पिशव्यांवर तो बाणांच्या आकृत्या काढायचा. गिऱ्हाइकांना पाव त्याच पिशव्यांत जायचा. घरून येताना तो बायकोने तळलेले खिम्याचे सांबुसे आणायचा, आणि ते संपेपर्यंत त्याच्याशी कुणी फारसं भांडत नसे.

चौथा टेरेन्स ओगलट्री. स्कूलबस चालवायचा. सहा फूट तीन इंच उंच, आणि जगात आपोआप काहीच घडत नाही यावर त्याचा ठाम विश्वास. मोसमात कोण जिंकणार ते वरच्यांनी ऑगस्टमध्येच ठरवून ठेवलेलं असतं, असं तो दर ऑगस्टमध्ये सांगायचा.

आणि तेवढ्यात ते घडलं. बफेलोच्या खेळाडूने शेवटच्या रेषेपलीकडे हवेत झेप घेऊन चेंडू पकडला आणि तो आडवा पडला. टचडाउन! वरच्या लाथेसकट सात गुण! गस खुर्चीवर उभाच राहिला. सांबुसा शेगडीवर पडला. टेरेन्सने मुसेदला उचललं.

मग पंचांनी कानाला हेडफोन लावला, पुन्हा चित्रफीत बघितली आणि हात आडवे हलवले. पकड नाही. पडताना चेंडू जमिनीला टेकला आणि हातात हलला.

"टेकला?" गस ओरडला. "टेकला? आंधळा आहे का हा माणूस? आख्ख्या गावाला दिसलं!"

"ठरलेलं आहे सगळं," टेरेन्सने मुसेदला खाली ठेवलं. "मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं."

टीव्हीवर तो क्षण चार वेळा सावकाश दाखवला. चारही वेळा तिघेजण ओरडले. मग तिघांनीही माना वळवून शेगडीकडे पाहिलं. लॉरेटा बोटांवरचं तेल पुसत होती.

"बोल ना, पंचबाई," टेरेन्स म्हणाला. "गप्प का?"

"बरोबर दिला त्याने."

"लॉरे!"

"चेंडू जमिनीला टेकला म्हणून काही बिघडत नाही रे, गस. घट्ट धरलेला असला की चालतं. पण टेकल्याबरोबर त्याच्या तळव्यात फिरला. शिवण वर होती, ती बाजूला गेली. बघ पुन्हा."

"शिवण! हिला शिवण दिसली! मला इथून चेंडू धड दिसत नाही, हिला त्याची शिवण दिसते."

बफेलोने मग चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घेतले. चोवीस-वीस. सातच्या जागी तीन. गसच्या मनात काय आकडेमोड चाललीय ते त्याच्या कपाळावर वाचता येत होतं. टचडाउन दिलं असतं तर आठाने पुढे. आता फक्त चाराने.

शेवटची दीड-पावणेदोन मिनिटं आली. चेंडू बफेलोकडे. घड्याळ थांबवायचे मायामीचे टाइम-आउट संपलेले. मुसेद खुर्चीच्या कडेवर सरकला होता. "पाच यार्ड. फक्त पाच यार्ड मिळव, राजा. चेंडू आपल्याकडेच राहिला की नुसतं गुडघा टेकत बसायचं. घड्याळ आपोआप संपेल."

बफेलोच्या पळणाऱ्याने चेंडू छातीशी धरला, डावीकडे हुलकावणी दिली आणि तो मोकळ्या मैदानात निसटला. पुढे कुणी नाही. वीस यार्ड, पंधरा, दहा.

"पळ!" गस किंचाळला. "पळ रे माझ्या सोन्या, पळ!"

"बस!" मुसेद त्याच्याहून मोठ्याने ओरडला. "बस, बस, बस खाली!"

आणि शेवटच्या रेषेच्या दोन यार्ड अलीकडे तो पळणारा शहाण्या मुलासारखा खाली बसला.

गस धपकन खुर्चीत बसला. मग मुसेदने दोन्ही हात वर केले. "याला म्हणतात डोकं! याला म्हणतात खेळ! आता तीनदा गुडघा टेकला की संपलं. मायामीला चेंडू बघायलासुद्धा मिळणार नाही."

तसंच झालं. बफेलो चार गुणांनी जिंकलं. बाहेर गल्लीत कुणीतरी भांडी बडवत होतं. गस डॉम्बेक, ज्याने आयुष्यात बफेलोचा एकही सामना चुकवला नव्हता, ज्याच्या दंडावर टीमचं चित्र गोंदलेलं होतं, तो विजयाच्या क्षणी घरात कुणीतरी गेल्यासारखा बसला होता.

"बसला," तो म्हणाला. "दोन यार्डांवर बसला."

"अरे, जिंकलो ना आपण!" टेरेन्सने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"टचडाउन केलं असतं तर अकराने पुढे गेलो असतो. उरलेल्या दीड मिनिटात मायामी दोनदा गुण मिळवणार होती का? कसली भीती?"

"भीती नाही रे बाबा," मुसेदने पिशवी आणि पेन्सिल काढली. "समोरच्याला चेंडू द्यायचाच कशाला? द्यायचा, मग पुन्हा अडवायचा, मध्ये कुणी पडलं, कुणाचा हात सुटला. नको ती उठाठेव. घड्याळ आपल्या खिशात आहे, ते खिशातच ठेवावं."

"तुझ्या खिशात घड्याळ. माझे ऐंशी डॉलर कुणाच्या खिशात?"

"त्या पोराला काय माहीत, लॅकावॅनातल्या गसने सातावर पैसे लावलेत?"

"पण पंचाला माहीत होतं!" गस ताडकन उठला. दुःखाला वाट मिळाली. "सगळं तिथे बिघडलं. ते टचडाउन दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती. पट्टेवाले सगळे एकाच माळेचे. एकोणीस वर्षांपूर्वीही असंच केलं, आजही तेच."

टेरेन्सने मुसेदकडे पाहिलं, मुसेदने पिशवीकडे. एकोणीस वर्षांपूर्वीचं प्रकरण दोघांनाही तोंडपाठ होतं.

तेव्हा गस शाळेच्या टीमचा दुय्यम प्रशिक्षक होता. जिल्ह्याचा अंतिम सामना. नेमलेल्या पंचाची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली आणि ऐनवेळी लॉरेटाला बोलावलं. भावाची टीम आहे, असं तिने दोन्ही बाजूंना आधीच सांगितलं. दोघेही म्हणाले, चालेल. पन्नास सेकंद उरलेली असताना गसच्या टीममधल्या एका पोराने टचडाउन केलं, आणि लॉरेटाचं पिवळं फडकं बर्फावर पडलं. तिचं म्हणणं, पळणाऱ्याला वाट करून देणाऱ्याने समोरच्याचा शर्ट धरला होता. टचडाउन रद्द झालं, आणि गसची टीम दोन गुणांनी हरली. त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी गस जेवायला आला नाही. आईने त्याचं ताट मांडलं, उकडलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी निवून गेले तरी उचलू दिलं नाही. पुढची दोन वर्षं बहीणभाऊ बोलत नव्हते. मग आई आजारी पडली, आणि इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसून किती वेळ न बोलता राहणार?

एरवी हा विषय निघाला की लॉरेटा चहा गाळायला आत जायची. आज ती जागची हलली नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं, पण तिला राग आला होता. बावीस वर्षं प्रेक्षकांच्या शिव्या ऐकल्या, त्याचं काही नव्हतं. पण दर रविवारी हिवाळाभर, सांबुसे खात खात?

"तुला इथून स्पष्ट दिसतं ना, गस?"

"आंधळ्यालाही दिसेल."

"चल तर मग बाहेर." तिने कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातच शिट्टी अडकवलेली होती. ती सोडवून तिने गसच्या हातात ठेवली. "एक चेंडू मी फेकते. टेरेन्स पकडेल, मुसेद अडवेल. निकाल तू दे. एकदाच. पुन्हा बघायला चित्रफीत नाही."

"यात काय मोठंसं?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणते."

दार वर गेलं आणि थंडी आत घुसली. टेरेन्स त्रेपन्न वर्षांचा आणि मुसेद पंचावन्नचा, पण बर्फ आणि चेंडू दिसल्यावर दोघेही अंगातले जाड कोट काढायला लागले. हरेल त्याने गसचं आवार फावड्याने साफ करायचं, असं ठरलं. ही पैज नाही, हे काम आहे, असं मुसेदने आधी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. पत्रपेटीच्या खांबापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत एक रेष लॉरेटाने बुटाच्या टाचेने ओढली. रेषेपलीकडे बर्फाचा ढीग होता, कमरेएवढा.

गस रेषेपाशी उभा राहिला. हात गुडघ्यांवर ठेवले, टीव्हीतल्यासारखे. शिट्टी तोंडात. चेहऱ्यावर असा आत्मविश्वास की लॉरेटाला हसू दाबावं लागलं.

तिचे गुडघे गेले होते, हात गेला नव्हता. चेंडू वाऱ्यातून गरगरत निघाला. टेरेन्स लांब टांगा टाकत धावला, मुसेद त्याच्या कमरेला लटकल्यासारखा मागे. दोघे एकदम उडाले. काळा हात, तपकिरी हात, मध्ये चेंडू, आणि मग सगळं मिळून बर्फाच्या ढिगात गेलं. पांढरा धुरळा उडाला तो नेमका गसच्या तोंडावर.

धुरळा बसला. टेरेन्स ढिगातून उठला तो चेंडू डोक्यावर धरूनच. "पकडला! टचडाउन!"

"टेकला!" मुसेद अजून आडवाच होता. त्याची टोपी हरवली होती. "बर्फाला टेकला आणि फिरला! माझ्या नाकासमोर फिरला!"

"काय फिरला? हे बघ, हातात आहे!"

"आता आहे! तेव्हा नव्हता! चेंडूवर बर्फ बघ!"

"तुझ्या मिशीवरही बर्फ आहे, मग तूही टेकलास का?"

गस पापण्यांवरचा बर्फ पुसत होता. शिट्टी वाजवायचं तो विसरला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. लॉरेटा आभाळाकडे बघत होती, जणू बससाठी उभी असलेली कुणी परकी बाई.

"पंच!" टेरेन्स गरजला. "निकाल!"

"निकाल दे, गस!" मुसेद उठून त्याच्या तोंडासमोर आला.

गसने शिट्टी फुंकली. ती फुर्र करून गोठल्यासारखी वाजली. त्याने दोन्ही हात वर केले. "टचडाउन."

"काय?" मुसेदचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "किती दिले त्याने तुला? मी पैज लावत नाही, पण तू विकला गेलास यावर लावली असती! तीस वर्षं तुला उधारीवर सिगारेट देतोय, त्याचं हे फळ?"

"थांब, थांब," गसने हात खाली घेतले. "तसं बघितलं तर... खाली थोडासा... नाही. पकड नाही." आणि त्याने हात आडवे हलवले.

आता टेरेन्स दोन पावलं पुढे आला. सहा फूट तीन इंच. "एकदा दिलेलं परत घेतोस? कुणी फोन केला तुला? वरून फोन आला?"

"कुणाचा फोन! माझ्या हातात शिट्टी आहे, फोन कुठेय?"

"ऑगस्टमध्येच ठरलं होतं. मुसेदने आवार साफ करायचं नाही, हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं!"

"मला डोळे आहेत!" गस ओरडला.

"मग वापर!" दोघेही एकदम म्हणाले.

गसचे कान लाल झाले होते, थंडीने की कशाने कोण जाणे. तो वळला. "लॉरे, मला दिसलंच नाही गं. बर्फ उडाला तोंडावर. नंतर हे दोघे एकदम ओरडायला लागले. नाही दिसलं, असं नाही म्हणता येत का?"

"नाही येत."

"मग तू काय करायचीस?"

"जे दिसलं तेवढं सांगायचे. नाही दिसलं तर पकड द्यायची नाही. आणि एकदा सांगितलं की बदलायचं नाही, कितीही ओरडले तरी."

टेरेन्सला आधी हसू फुटलं, मग मुसेदला. दोघेही इतके हसले की ओणवे झाले. शेवटी दोघांनी मिळून आवार साफ केलं. निकालच लागला नव्हता, आणि शिवाय गस तिथे काही कामाचा उरला नव्हता. तो गॅरेजच्या उंबऱ्याशी उलट्या बादलीवर बसून शिट्टी हातात फिरवत होता. लॉरेटा त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकली.

"त्या दिवशी," गस म्हणाला. "दिसलं होतं का तुला? की वाटलं होतं?"

एकोणीस वर्षांत हे त्याने असं विचारलं नव्हतं. ओरडून विचारलं होतं, आईसमोर विचारलं होतं, पण उत्तर हवंय म्हणून नाही. लॉरेटाने विचार केला. त्याला खरं उत्तर द्यायचं तर ते सोपं नव्हतं.

"दिसलं होतं. मूठ दिसली होती, शर्टात अडकलेली. त्या क्षणी शंभर टक्के. पण नंतर इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं, गस, की आता मूठ दिसते की मूठ आठवते, ते मला सांगता येत नाही."

गसने शिट्टीवरचा बर्फ अंगठ्याने पुसला. फावड्यांचा खर्र खर्र आवाज येत होता.

"आपला वाट करून देणारा तो रिकी, प्रत्येकाचा शर्ट धरायचा," तो शेवटी म्हणाला. "सरावात सांगून सांगून थकलो होतो मी."

"हे तू मला आज सांगतोस?"

"तू कधी विचारलंस?"

तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, टोपीवरूनच, पण जरा जोरात. मग दोघांनी उरलेला एक सांबुसा अर्धा अर्धा केला. थंड झाला होता.

जानेवारीत चर्चच्या सूचनाफलकावर कागद लागला की जिल्ह्यात शाळांच्या सामन्यांना पंच कमी पडताहेत, शिकायची तयारी असणाऱ्यांनी यावं. लॉरेटाने तो कागद पाहिला. गसनेही पाहिला. मार्चमध्ये तो नियमांचं पुस्तक कामावरच्या, बर्फ हटवायच्या गाडीत सीटखाली लपवून वाचत असल्याचं टेरेन्सने पाहिलं आणि पंधरा मिनिटांत ते सगळ्या गावाला कळलं. पहिल्या लेखी परीक्षेत गस नापास झाला. शंभरात एकसष्ट. तीस वर्षं टीव्हीतल्या पंचांना नियम शिकवणाऱ्या माणसाचे एकसष्ट. "पेपर फोडून मायामीला दिला असणार," मुसेद म्हणाला. दुसऱ्यांदा तो पास झाला. आदल्या रात्री लॉरेटाने त्याच्याकडून सगळं पुस्तक म्हणून घेतलं होतं आणि चुकेल तिथे चमच्याने बोटांवर मारलं होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सातवीच्या मुलांचा सामना होता. हेल्मेट अंगापेक्षा मोठी, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. गस पट्ट्यांच्या नव्या शर्टात उभा होता, पोट आत ओढून. लोखंडी पायऱ्यांवर लॉरेटा, मुसेद आणि टेरेन्स थर्मास घेऊन बसले होते. मुलांना एक शब्द बोलायचा नाही, पण पंच आपला आहे, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत टेरेन्स दोनदा ओरडून मोकळा झाला. मुसेदने विचारलं, घड्याळ बघता येतं का, की कुणाला बोलवू? गसने मान वळवली नाही. त्याच्या कानांचा रंग मात्र इथूनही दिसत होता.

लॉरेटा खाली मैदानाकडे बघत होती. पायऱ्यांवर बसून सामना बघायची तिला सवयच नव्हती. तिथून सगळं केवढं सोपं दिसतं, याचं तिला नवल वाटत होतं. बावीस वर्षं तिने मैदान खालून पाहिलं होतं, पाय, गुडघे, मुठी, चिखल. इथून मैदान नकाशासारखं पसरलेलं होतं. प्रत्येक चूक आधीच कळत होती.

एका बारक्या पोराने बाजूच्या रेषेजवळ चेंडू पकडला, तोल सांभाळला आणि तो पळत सुटला. गसने शिट्टी फुंकली. पाय रेषेबाहेर पडला म्हणे.

लॉरेटा कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. गुडघे कटकन वाजले.

"गस डॉम्बेक!" तिचा आवाज मैदानापलीकडच्या गोदामाच्या भिंतीवर आपटला. "कुठे बाहेर गेला पाय? डोळे घरी ठेवून आलास का रे?"

दोन्ही टीमच्या आयांनी वळून पाहिलं. मुसेदचा चहा नाकात गेला. गसने मात्र तिच्याकडे न बघता हात सरळ बाजूला दाखवला, रेषेबाहेर, आणि चेंडू उचलून जागेवर ठेवला. बदलला नाही.

"बरोबर दिला त्याने, पंचबाई," टेरेन्स हळूच म्हणाला. "मी बघितलं. रेषेवरची खडूची पूड उडाली."

"तू गप्प बस," लॉरेटा म्हणाली आणि ओरडायला पुन्हा उभी राहिली.